गाव कोठारा, हाल मुलुंड

मुंबईत निघणारं एखादं गुजराती वर्तमानपत्र हाती आलं, की मी आधी मरणनोंधींचं पान उघडतो. फर्दुनजी मर्झबान यांनी 1822 साली सुरू केलेला ‘मुंबई समाचार’ आजही निघतो आणि त्यातलं हे पान आजही तितक्याच बारकाईनं वाचलं जातं. नोंदीत माणसाच्या नावाआधी त्याची ज्ञाती येते: कच्छी लोहाणा, हालाई लोहाणा, घोघारी लोहाणा, कच्छी दशा ओसवाल, कपोळ, मोढ वणिक. मग येतं गाव. ‘गाव कोठारा, हाल मुलुंड.’ ‘गाव तेरा, हाल घाटकोपर.’ त्यानंतर वडील, आजोबा, भाऊ, मुलगे, सुना, जावई, आणि स्त्री गेली असेल तर तिचं माहेर.

हे ‘हाल’ म्हणजे आपल्या जुन्या पत्रांमधलं ‘हल्ली मुक्काम’. गेलेला माणूस मुलुंडच्या प्रसूतिगृहात जन्मलेला, मुलुंडच्या शाळेत शिकलेला, सत्तर वर्षं तिथल्याच बाजारात बसलेला. कच्छच्या अबडासा तालुक्यातलं कोठारा त्यानं आयुष्यात चार-पाच वेळा पाहिलं असेल. तरी नोंदीत तो कोठाऱ्याचा. मुलुंडला त्याचा मुक्काम तेवढा हाल. एका ओळीत एवढा मोठा इतिहास मावलेला मी दुसऱ्या कुठल्याही छापील मजकुरात पाहिलेला नाही.

मध्य रेल्वेच्या उपनगरांत वाढलेल्या मराठी माणसाला हे शेजारी ठाऊक असतात ते ‘गुजराती’ या एकाच नावानं. मुलुंडच्या पाच रस्त्यावरून स्टेशनाकडे चालत जा आणि दुकानांच्या पाट्या वाचत राहा. ठक्कर, सचदे, कोटक, गाला, छेडा, देढिया, गडा, भानुशाली. आपल्याला सगळे सारखे. प्रत्यक्षात यातले पहिले तीन लोहाणा, पुढचे चार ओसवाल जैन, शेवटचे भानुशाली. घरची भाषा बहुतेकांची गुजराती नव्हे, कच्छी. कच्छी ही सिंधीची सख्खी बहीण, लिहायची वेळ आली की गुजराती लिपी वापरणारी. या मंडळींचं नवं वर्षही दिवाळीच्या पाडव्याला सुरू होत नाही. ते आषाढ शुद्ध द्वितीयेला, आषाढी बीजेला, पावसाबरोबर येतं.

या पाट्यांवरच्या आडनावांमागे आणखी एक नाव असतं, ते पाटीवर येत नाही. त्याला नुख म्हणतात. लोहाणांत, भाटियांत, भानुशालींत आणि सिंध्यांतही नुख असते. आपल्याकडे कूळ आणि देवक मिळून जे काम करतात, साधारण तेच काम नुख करते. एका देवकाची दोन घरं सोयरीक करत नाहीत, तशीच एका नुखेतली दोन घरंही करत नाहीत. लोहाणांमध्ये याची गरज जास्त, कारण मुलुंडमधल्या कितीतरी लोहाणा घरांचं आडनाव नुसतं ‘ठक्कर’ असतं. ठक्कर म्हणजे ठाकूर, मानाची पदवी. पदवी सगळ्यांची एकच असेल तर कोण कोणाचा हे कळायचं कसं? म्हणून स्थळ आलं की पहिला प्रश्न: तुमची नुख कोणती?

लोहाणांपासूनच सुरुवात करू, कारण मुलुंडमध्ये त्यांची गोष्ट दोनदा येऊन पोचली आहे.

त्यांची स्वतःची परंपरा सांगते की ते रघुवंशी, रामपुत्र लवाचे वंशज. लवानं वसवलेलं नगर ते लाहोर, तिथल्या लोहरगडाचे ते लोहाणा. त्यांचा वीरपुरुष दादा जसराज. लग्नाच्या मांडवात उभा असताना शत्रूनं गायी वळवून नेल्याची बातमी आली, बोहल्यावरून उतरून तो घोड्यावर बसला, आणि परत आला नाही. मराठी वाचकाला इथे कोंढाण्याचं लग्न आठवणारच. लग्न टाकून लढायला जाणारा पुरुष ही कथा ज्या ज्या समाजाला आपण कधीकाळी तलवारीचे होतो हे सांगायचं असतं, त्याच्याकडे सापडते.

इतिहासाकडे वळलं तर लोहाणांचं नाव सिंधमध्ये फार लवकर भेटतं. अरबांनी आठव्या शतकात सिंध जिंकला, त्याची हकिकत सांगणारा ‘चचनामा’ हा फारसी ग्रंथ तेराव्या शतकातला. त्यात ब्राह्मणाबादचा सत्ताधीश म्हणून अगम लोहाणा येतो. तो वाणी नाही, सरदार आहे. म्हणजे तलवारीची आठवण अगदीच हवेतली नसावी. पंजाबच्या बाजूचे धागेही नावांत शिल्लक आहेत. लोहाणांत कक्कड आहेत, पंजाबी खत्र्यांत कक्कर. लोहाणांत सचदे, पंजाबी अरोड्यांत सचदेवा. नावं जुळली म्हणून रक्त जुळतं असं नाही, पण पंजाबातून सिंधूच्या काठाकाठानं खाली सिंधकडे आणि तिथून रण ओलांडून कच्छकडे आलेली वाट त्यात दिसते.

या वाटेवर लोहाणांचे बरेच भाग झाले. परंपरेनुसार पीर सदरुद्दीन यांच्या उपदेशानं काही लोहाणा इस्लामकडे वळले. त्यांना ठक्करच्या जागी ‘ख्वाजा’ ही पदवी मिळाली आणि ते खोजा झाले. दुसऱ्या एका प्रवाहातून मेमन झाले, ‘मोमिन’ या शब्दावरून. मुंबईतले कच्छी मेमन आणि हालाई मेमन ही नावंच पाहा. लोहाणांतही कच्छी आणि हालाई हेच भेद आहेत. धर्म बदलला, मुलखाचं विशेषण तसंच राहिलं. बॅरिस्टर जीनांचं घराणं खोजा, मूळचं काठेवाडातल्या पानेलीचं. ज्या फाळणीमुळे लाखो सिंधी लोहाणा घराबाहेर पडले, तिच्या केंद्रस्थानी असलेल्या माणसाच्या घराण्याची मुळंही परंपरेनं त्याच झाडाशी जोडलेली आहेत. हे लिहिताना हात क्षणभर थांबतो.

ते सिंधी मुलुंडला आले. फाळणीनंतर निर्वासितांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली एक डोंगराच्या पायथ्याची मुलुंड कॉलनी. उल्हासनगर आणि चेंबूर मोठे म्हणून त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक. मुलुंड कॉलनीचं नाव त्या मानानं कमी घेतलं जातं. सिंधमध्ये लोहाणांचे दोन वर्ग झाले होते. दरबारी नोकरीतले ते आमील, व्यापारातले ते भाईबंद. शिकारपूरच्या भाईबंदांच्या हुंड्या बुखारा-समरकंदपर्यंत चालत. बऱ्याच सिंधी आडनावांना ‘आणी’ लागतं ते पूर्वजाच्या नावापुढे, अमक्याचे वंशज या अर्थानं. अशी माणसं हातात एखादी ट्रंक घेऊन ज्या गावात उतरली, तिथे स्टेशनच्या बाजूला कच्छमधून आधीच आलेले लोहाणा दुकानं थाटून बसले होते. एकाच खोडाच्या दोन फांद्या, शतकांनंतर, एकाच रेल्वे स्टेशनच्या आगेमागे. एकीला कोणी निर्वासित म्हटलं नाही, दुसरीला म्हटलं.

दोघांचा देव मात्र पाण्याचा. सिंधी त्याला झुलेलाल म्हणतात, कच्छी लोहाणा दरियालाल. थट्ट्याच्या मिर्खशहानं धर्म बदलण्याचा हुकूम काढला, लोक सिंधूच्या काठावर बसून धावा करू लागले आणि नसरपूरला एका लोहाणा घरी उदेरोलाल जन्मला, ही कथा. सिंधमध्ये त्याच्या स्थानावर हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात. मुसलमान त्याला शेख ताहिर म्हणून मानतात. त्याचा दिवस चैत्र शुद्ध द्वितीया, आपल्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. नदीवर आणि समुद्रावर पोट असलेल्या माणसांनी पाण्यालाच कुलदैवत मानलं, यात मला तरी फार मोठं शहाणपण दिसतं.

आता ओसवालांकडे. घाटकोपर आणि मुलुंडच्या गल्ल्यांत धान्याचं दुकान म्हटलं की गाला, छेडा, देढिया, सावला, गडा, नंदू ही नावं येणारच. हे कच्छी विसा ओसवाल. ओसवाल हे नाव राजस्थानात जोधपूरजवळच्या ओसियाँ गावावरून आलं. तिथलं महावीराचं मंदिर आठव्या शतकातलं, देशातल्या सर्वांत जुन्या उभ्या जैन मंदिरांपैकी एक. परंपरा सांगते की आचार्य रत्नप्रभसूरी तिथे आले, त्यांच्या प्रभावानं राजा उपलदेव आणि त्याची प्रजा जैन झाली. पण गावची देवी चामुंडा. तिला बळी लागे. अहिंसेची दीक्षा घेतलेल्या लोकांनी देवीचं काय करायचं? कथेत आचार्य देवीलाच उपदेश करतात, ती मांस सोडते आणि सच्चियामाता होते. देवी टाकून द्यावी लागली नाही, तिचा नैवेद्य बदलला. धर्मांतराच्या इतक्या हळुवार कथा थोड्याच असतील. आजही घाटकोपरचं एखादं ओसवाल कुटुंब सुनेला घेऊन ओसियाँला जातं तेव्हा महावीराच्या मंदिराबरोबर टेकडीवरच्या सच्चियामातेच्या पायऱ्याही चढतं.

विशेष म्हणजे कच्छमध्ये गेलेले हे ओसवाल पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी होते. त्यांचं ‘व्यापारी’ असणं बऱ्याच अंशी मुंबईनं घडवलं. जातीच्या नावावरून धंदा जन्मजात मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

वाण्यांच्या ज्ञातींची नावं अशी एकामागून एक ऐकली की एक गोष्ट ध्यानात येते: ती गावांची नावं आहेत. श्रीमाळी हे श्रीमाळचे, म्हणजे आजच्या भिनमाळचे. याच भिनमाळात ब्रह्मगुप्तानं 628 साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. मोढ हे मोढेऱ्याचे, जिथलं सूर्यमंदिर अकराव्या शतकातलं. नागर वडनगरचे. अगरवाल हरियाणातल्या अग्रोह्याचे. आपल्या खानदेशातले लाडशाखीय वाणी लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे. ब्राह्मणाचं गोत्र ऋषीच्या नावावर चालतं, राजपुताचा वंश सूर्य-चंद्रापासून. वाण्याला मात्र कुळाची खूण म्हणून एक बाजारपेठ लागते. त्यांतली कितीतरी गावं नंतर ओस पडली किंवा लहान खेडी झाली. माणसं निघून गेली म्हणूनच नाव टिकलं. जागेवर राहणाऱ्याला गावाचं नाव लावायची गरज पडत नाही.

आणि तरीही यांतल्या पुष्कळ ज्ञाती आपलं मूळ क्षत्रिय सांगतात. माहेश्वऱ्यांच्या कथेत राजस्थानातल्या खंडेल्याचे 72 योद्धे ऋषींच्या शापानं दगड होतात, महेश-पार्वतीच्या कृपेनं जिवंत होतात आणि तलवार टाकून तराजू घेतात. त्या 72 योद्ध्यांच्या 72 खापा, म्हणजे कुळं. भाटिया जैसलमेरच्या भाटी राजपुतांचे. अशा कथांतला सर्वांत प्रांजळ लेखी पुरावा मला वाटतो बनारसीदासांच्या ‘अर्धकथानका’चा. जौनपूरला जन्मलेला हा श्रीमाळ जैन व्यापारी. 1641 साली त्यानं ब्रज भाषेत, पद्यात, स्वतःचं आयुष्य लिहून काढलं. आरंभीच तो सांगतो की रोहतकजवळच्या बिहोली गावात राजपूत राहत, गुरूच्या उपदेशानं ते जैन झाले, श्रीमाळ म्हणवू लागले आणि गावावरून त्यांचं गोत्र बिहोलिया पडलं. राजपूत, गुरू, गाव, गोत्र हा साचा पावणेचारशे वर्षांपूर्वीच तयार होता.

या कथा खऱ्या की खोट्या? काही घराणी खरंच शस्त्र सोडून धंद्यात आली असतील. चचनाम्यातला अगम लोहाणा तसं सुचवतो. पण इतक्या ज्ञातींचा एकूण एक पूर्वज राजपूत होता हे मानणं कठीण आहे. जिथे राजा आणि त्याचे भाट प्रतिष्ठा ठरवत, तिथे श्रीमंत वाण्यानंही त्याच मापानं आपली उंची सांगितली. माझं मत असं, की या कथांत जन्माची माहिती शोधू नये. त्यांत स्थलांतराची माहिती आहे आणि ती बरीचशी विश्वासार्ह आहे.

पण कूळ आणि गाव इतकं घट्ट धरून ठेवायचं कशासाठी? उत्तर गुजरातीतल्या एका शब्दात आहे: शाख. शाख म्हणजे शाखा, कुळाची फांदी. आणि शाख म्हणजेच बाजारातली पत. दोन अर्थ एका शब्दात आले असतील योगायोगानं, पण व्यापाऱ्याच्या आयुष्यात ते वेगळे नव्हतेच.

कल्पना करा, एकोणिसावं शतक. 1819 च्या भूकंपानं सिंधूची एक वाट बंद केली, लखपतसारखं बंदर सुकलं. पुढे विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा, छप्पनिया दुष्काळ. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा कच्छ-मांडवीला गलबतात बसतो आणि मुंबईच्या मांडवीला उतरतो. दोन्ही गावांचं नाव एकच, कारण मांडवी म्हणजे जकातीचा नाका. भातबाजार, दाणाबंदर, चिंचबंदर, नरशी नाथा स्ट्रीट. त्याच्याजवळ दाखला नाही, जामीन नाही. पेढीवरचे शेठ विचारतात: कोणाचा? गाव कोणतं? नुख कोणती? तिन्ही उत्तरं जुळली की रात्री दुकानात पथारी टाकायला मिळते, सकाळी गोणी शिवायचं काम. दहा वर्षांनी तोच मुलगा उधारीवर माल उचलतो. त्यानं बुडवलं तर गावातला बाप, मामा, बहिणीचं सासर, सगळ्यांची मान खाली जाणार, हे देणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्यालाही. ज्या काळी बँकेचं दार त्याला उघडं नव्हतं, त्या काळी त्याची वंशावळ हेच त्याचं तारण.

हुंडीच्या व्यवहारातही हेच. हुंडीच्या अनेक प्रकारांतला एक ‘शाहजोग’. ती कोणाही धारकाला वटवून मिळत नसे. ‘शाह’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच तिचे पैसे मिळत. या शाहचा पातशहाशी संबंध नाही. साधु, साहु, शाह अशी त्याची वाट. आपला ‘साव’ आणि ‘सावकार’ त्याच कुळातले. चोराच्या विरुद्ध तो साव. इतक्या जैन-वाणी घरांनी हे आडनाव म्हणून का लावलं ते आता कळावं: ते नाव म्हणजे चालतंबोलतं शिफारसपत्र होतं. बाकीची आडनावंही धंद्याची. नाणी पारखणारा पारेख, नाणी बदलून देणारा नाणावटी, कापड विकणारा दोशी, सुगंधी आणि किराणा विकणारा गांधी, हिशेबनीस महेता, यात्रेचा संघ स्वखर्चानं नेणारा संघवी.

अग्रोह्याची कथाही याच अंगानं वाचावी. नगरात नवं कुटुंब आलं की प्रत्येक घरानं त्याला एक वीट आणि एक रुपया द्यायचा. विटांनी घर उभं राहावं, रुपयांनी धंदा. महाराजा अग्रसेन तसेच होऊन गेले की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. व्यापारी समाजानं आपलं आदर्श नगर कल्पिलं ते भांडवल आणि छप्पर वाटून देणारं, ही गोष्ट मोलाची आहे.

जे हात वर उचलत, तेच दाबतही. ज्ञातीचं महाजन वाडी बांधे, भोजनं घाली, अनाथाला पोसे. आणि बहिष्कारही टाके. 1888 साली मुंबईतल्या मोढ वाण्यांची सभा भरली होती. अठरा वर्षांचा एक मुलगा बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाला होता, समुद्र ओलांडणं ज्ञातीला मंजूर नव्हतं. त्यानं ऐकलं नाही. शेठनं त्याला ज्ञातीबाहेर टाकलं आणि त्याला मदत करणाऱ्याला किंवा निरोप द्यायला धक्क्यावर जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड फर्मावला. मुलाचं नाव मोहनदास गांधी. परतल्यावर भावानं त्याला नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातलं, राजकोटला ज्ञातिभोजन दिलं, तेव्हा ज्ञातीतल्या एका तटानं त्याला घेतलं. याआधी 1862 च्या गाजलेल्या महाराज अब्रूनुकसानीच्या खटल्यात करसनदास मुळजी या कपोळ पत्रकाराविरुद्ध असंच दडपण उभं राहिलं होतं; कोणाही भाटियानं महाराजांविरुद्ध, म्हणजे वैष्णव धर्मगुरूंविरुद्ध, साक्ष देऊ नये असा घाट भाटियांच्या पुढाऱ्यांनी घातला, त्याबद्दल न्यायालयानं त्यांना दंड केला.

दशा-विसा हा भेद त्याच दाबाचा. विसा म्हणजे वीस विसवे, पूर्ण. दशा म्हणजे दहा, निम्मे. एक जुनी कथा त्याचं मूळ वस्तुपाल-तेजपालांशी जोडते. आबूच्या डोंगरावरचं लूणवसही मंदिर बांधणारे तेराव्या शतकातले हे मंत्री विधवेच्या पुनर्विवाहातून जन्मले असं लोक म्हणत, आणि त्यांच्या पंगतीला जे जेवले ते दशा झाले. कथा खरी असो वा नसो, एका आईच्या दुसऱ्या लग्नावरून माणसांचं माप निम्मं करायचं ही कल्पना मला संतापजनक वाटते. मुंबईच्या इतिहासात नरशी नाथांसारखे, ज्यांची नावं रस्त्यांना मिळाली ते, कच्छी दशा ओसवाल होते. माप कोणाचं निम्मं होतं ते या शहरानं पाहिलं आहे.

मांडवीतून उपनगराकडे ही माणसं कशी आली, त्याची पहिली ढकल भयंकर होती. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला तो मांडवीतच. धान्याची कोठारं, त्यांत उंदीर, वर माणसांची दाटी. जे शहर सोडू शकत होते त्यांनी सोडलं. पुढची ढकल साधी, रेल्वेची. 1853 पासून बोरीबंदर-ठाणे मार्ग घाटकोपर-मुलुंडच्या शिवारातून जात होता आणि दाणाबाजाराचं स्टेशन मशीद हेही त्याच मार्गावर. गाडी न बदलता घरून पेढीवर जाता येतं, एवढं कारण धान्यवाल्याला पुरेसं होतं. विसाव्या शतकात मुलुंडची आखीव चौकटीतली रस्त्यांची रचना झाली. घाटकोपर 1950 मध्ये बृहन्मुंबईत आलं, मुलुंड 1957 मध्ये. धान्यबाजार नंतर वाशीला गेला, पण तोवर मुळं धरली होती. पश्चिमेकडे कांदिवली-बोरिवलीत कपोळ, हालारी आणि सौराष्ट्रातले वाणी जास्त. बोरिवलीची जांभळी गल्ली पाहिली की ते कळतं.

घाटकोपरच्या शेजारी विद्याविहार आहे. तिथलं शिक्षणसंकुल 1959 पासून वाढवलं करमशीभाई सोमैया यांनी. कच्छी लोहाणा घराणं, पण त्यांचा जन्म 1902 साली अहमदनगर जिल्ह्यातला आणि नाव झालं ते कोपरगावजवळच्या साकरवाडीच्या साखरेनं. मराठी मुलखानं वाढवलेल्या या लोहाणानं मुंबईत मराठी, गुजराती, कच्छी साऱ्यांच्या मुलांसाठी महाविद्यालयं उभी केली. ज्ञातीच्या वाडीतून सर्वांच्या शाळेपर्यंत पैसा कसा चालत गेला, याचं हे जवळचं उदाहरण. आमच्या भागातल्या कितीतरी मराठी घरांतली पहिली पदवी त्या आवारातली आहे, आणि त्याबद्दलची कृतज्ञता मला इथे नोंदवायची आहे.

ही सगळी वंशावळ लिहून कोण ठेवत होतं? वहीवंचा बारोट. काही वर्षांच्या अंतरानं तो यजमानांच्या घरी येई, लांबट वही उघडे, वीस-पंचवीस पिढ्या घडाघडा वाचे, नव्या जन्माची नोंद करे आणि दक्षिणा घेऊन पुढल्या गावी जाई. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या बाजूला बैलावरून येणारा हेळवी हेच काम करतो. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्याही याच जातीच्या. यजमान मुंबईला गेले तसे बारोटही लोकलनं त्यांच्या मागे उपनगरांत आले. पुढे त्याचं काम वस्तीपत्रक करू लागलं. ज्ञातीची ही जाडजूड छापील शिरगणती घरोघरी टेलिफोनजवळ असायची. तिच्यात गाव, नुख, नाव, शिक्षण, धंदा, रक्तगट, सगळं.

बारोटाच्या वहीत एक मोठी पोकळी आहे. बाप, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. मुली त्यात क्वचितच. जन्मल्या, वाढल्या, परघरी गेल्या. वंश त्यांच्या नावावरून पुढे सरकला नाही म्हणून शाईही खर्च झाली नाही. पतीची हुंडी बुडू नये म्हणून अंगावरचं सोनं काढून देणाऱ्या, कच्छच्या गावात एकटीनं म्हातारे सासू-सासरे सांभाळून नवऱ्याला मुंबईत धंदा करू देणाऱ्या बायका त्या शाखेच्या हिशेबात कुठेच नाहीत.

त्या मला सापडतात दोन ठिकाणी. लग्नाच्या परिचयपत्रात नुखेच्या खाली एक रकाना असतो, ‘मोसाळ’, म्हणजे आपलं आजोळ. तिथे आईच्या माहेरचं आडनाव आणि गाव लिहावं लागतं, नाहीतर सोयरीक पुढे जात नाही. दुसरं ठिकाण मरणनोंधीचं पान. सासरची, मुला-नातवंडांची, जावयांची नावं संपली की शेवटच्या ओळीत येतं ‘पियरपक्षे’. मग तिचे वडील, तिचे भाऊ, आणि त्यांच्यापुढे तिचं गाव: नलिया, सुथरी, जखौ. मुलुंडमध्ये साठ वर्षं संसार केलेली बाई त्या ओळीत पुन्हा जखौची मुलगी झालेली असते.